सर्जरीच्या प्रोफेसराला संशोधन कशाला हवं?

२०२५च्या जुलैमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अध्यापकांच्या पात्रतेचे नवे नियम काढले. त्यातल्या एका तरतुदीवर डॉक्टरांच्या वर्तुळात बरीच चर्चा झाली. २२० किंवा त्याहून जास्त खाटांच्या सरकारी रुग्णालयात १० वर्षं काम केलेला तज्ज्ञ डॉक्टर, आधी कधी शिकवलेलं नसलं तरी, थेट सहयोगी प्राध्यापक होण्यास पात्र ठरतो. २ वर्षं काम केलेला सहायक प्राध्यापक होऊ शकतो. कारण उघड आहे. ५ वर्षांत वैद्यकीय शिक्षणाच्या ७५,००० जागा वाढवायची केंद्राची घोषणा आहे आणि शिकवायला माणसं नाहीत.

यावर दोन टोकांची मतं आली. एक म्हणतं, जिल्हा रुग्णालयात ज्याने १० वर्षं फुटलेली अपेंडिक्स, अडकलेले हर्निया आणि अपघातातली पोटं हाताळली, त्याच्याइतकं शिकवायला लायक कोण? दुसरं म्हणतं, ज्याने शिकवलं नाही, संशोधन केलं नाही, तो प्राध्यापक कसला? सामान्य माणसाचा कल बहुधा पहिल्या मताकडे असतो. आपल्याला ऑपरेशन नीट करणारा हात हवा असतो. त्या हाताने शोधनिबंध लिहिले की नाही, याच्याशी आपलं काय देणंघेणं?

देणंघेणं आहे, आणि ते बरंच आहे. सर्जनचा अनुभव ऑपरेशन कसं करायचं हे शिकवतो. ते करायला हवं होतं का, हे मात्र त्याच अनुभवातून कळेलच असं नाही. सर्जरीच्या प्रोफेसराच्या कामाचा सगळ्यात अवघड भाग हा दुसरा प्रश्न विचारणं आहे.

आधी पायऱ्या समजून घेऊ

आपल्याकडे इंटर्नशिप धरून एमबीबीएसला साडेपाच वर्षं लागतात. नीट-पीजीमधून सर्जरीची जागा मिळाली तर एमएसची ३ वर्षं. ओपीडी, वॉर्ड, ऑपरेशन थिएटर आणि इमर्जन्सी यांच्या मधल्या फटीत रेसिडेंटला, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकणाऱ्या या डॉक्टराला, थिसिस लिहावा लागतो. बहुतेकांच्या लेखी तो परीक्षेला बसू देण्यापुरता सोपस्कार असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी मोठ्याने बोलत नाही. त्यानंतर सीनियर रेसिडेन्सी, मग सहायक प्राध्यापक. ढोबळमानाने तिथे ४ वर्षं आणि २ शोधनिबंध झाले की सहयोगी प्राध्यापक. आणखी ३ वर्षं आणि आणखी २ निबंध झाले की प्राध्यापक. जोडीला अध्यापनाचा आणि संशोधनपद्धतीचा असे छोटे अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. कागदावर पस्तिशीत प्रोफेसर होता येतं. सरकारी महाविद्यालयात जाहिरात, मुलाखत, बदली आणि रिक्त जागा यांच्या गणितात ते क्वचितच जमतं.

प्रोफेसर झालेला सर्जन सहसा एका युनिटचा प्रमुख असतो. आठवड्यात त्या युनिटचे ओपीडीचे दिवस ठरलेले, ऑपरेशनचे ठरलेले, इमर्जन्सीचा दिवस वेगळा. सकाळी राउंड, रुग्णाच्या खाटेपाशी विद्यार्थ्यांना प्रश्न, रेसिडेंटच्या हातात चाकू देऊन स्वतः समोर उभं राहणं. शिवाय परीक्षा, तपासणीला येणाऱ्या समित्या, औषधखरेदीच्या सह्या. यातून जो वेळ उरेल तो संशोधनाचा.

आता हे संशोधन म्हणजे नेमकं काय, ते पाहू.

अनुभव कुठे फसवतो

स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात थिओडोर कोखर १८७२ साली सर्जरीचे प्रोफेसर झाले. त्या डोंगराळ भागात आयोडीनच्या कमतरतेमुळे गलगंडाचे रुग्ण भरपूर. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काढणं तेव्हा जिवावरचं काम होतं, कारण रक्तस्राव आवरत नसे. कोखर यांचा हात इतका नेटका की त्यांचे रुग्ण जगू लागले. जखम भरली, रुग्ण घरी गेला, म्हणजे ऑपरेशन यशस्वी. अनुभव हेच सांगत होता.

मग एका डॉक्टराने त्यांना एका मुलीबद्दल सांगितलं. १८७४ साली कोखर यांनीच तिची ग्रंथी काढली होती, आणि त्यानंतर ती मंद, सुस्त, ओळखू न येण्याजोगी झाली होती. कोखर यांनी आपले जुने रुग्ण परत बोलावले. ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती त्यांच्यातल्या बहुतेकांची तीच गत झालेली दिसली. १८८३ साली त्यांनी हे सगळं जाहीरपणे मांडलं आणि गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं थांबवलं. थायरॉइड शरीरात काय काम करते, हे कळायला त्या नोंदींची मोठी मदत झाली. १९०९ साली कोखर यांना नोबेल मिळालं. सर्जनला मिळालेलं ते पहिलं नोबेल.

टेबलावरून रुग्ण जिवंत उतरला की सर्जनचं काम दिसायला संपतं. त्याचं खरं फळ पुढच्या पाच, दहा, वीस वर्षांत कुठेतरी दूर, त्याच्या नजरेआड दिसत असतं. रुग्णाला पुन्हा पुन्हा बोलावून नोंद ठेवणं म्हणजे फॉलोअप, आणि सर्जरीतलं संशोधन तिथून सुरू होतं.

पण नुसता फॉलोअपही पुरत नाही. एखादा शेतकरी नवं बियाणं विहिरीजवळच्या काळ्या जमिनीत पेरतो आणि जुनं बियाणं माळावरच्या मुरमाड तुकड्यात. सुगीला नवं बियाणं भरघोस येतं. तो गावभर सांगतो, नवं बियाणं भारी. बोलतो प्रामाणिकपणे, पण त्याने बियाणं तपासलेलंच नाही, जमीन तपासली. सर्जन नकळत हेच करतो. धडधाकट, तरुण, आजार कमी असलेल्या रुग्णाचं मोठं ऑपरेशन करतो आणि थकलेल्या, आजार पसरलेल्या रुग्णाला सांगतो, तुम्हाला झेपणार नाही. दहा वर्षांनी ऑपरेशन झालेले जास्त जगलेले दिसतात. ते ऑपरेशनमुळे जगले की मुळात धडधाकट होते म्हणून?

यावर उपाय सोपा आहे आणि तितकाच अंगावर येणारा आहे. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार, हे सर्जनने ठरवायचं नाही. ते चिठ्ठी टाकल्यासारखं, केवळ योगायोगाने ठरू द्यायचं. मग दोन्ही गटांत काळी जमीनही येते आणि मुरमाडही. याला रँडमाइज्ड ट्रायल म्हणतात. पुढे मी नुसतं चाचणी म्हणेन.

८० वर्षं टिकलेलं एक ऑपरेशन

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सचे विल्यम हाल्स्टेड हे सर्जरीतलं फार मोठं नाव. रेसिडेंटांना टप्प्याटप्प्याने जबाबदारी देत घडवायची जी पद्धत आज आपल्याकडेही आहे, तिचा पाया त्यांचा. १८९४ साली त्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ५० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांचं ऑपरेशन असं होतं: पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथींच्या गाठी, सगळं एकसंध काढायचं. छातीच्या फासळ्यांवर नुसती कातडी उरे. अनेक बायकांचा हात कायमचा सुजलेला राही.

यामागे विचार होता. कर्करोग एका जागेतून सुरू होऊन शिस्तीत, जवळच्या गाठींमधून पुढे सरकतो. तेव्हा जितकं रुंद कापू तितकं बरं. इतर सर्जनांच्या रुग्णांमध्ये छातीवर त्याच जागी गाठ परत येण्याचं प्रमाण फार मोठं होतं, हाल्स्टेड यांच्या ५० जणींमध्ये ती अवघ्या तिघींत आली. आकडा खरा होता. पण त्यांनी मोजलं काय, तर गाठ त्याच जागी परत आली का. बाई किती वर्षं जगली, हा प्रश्न बाजूला राहिला.

पुढची ८० वर्षं जगभरात हेच ऑपरेशन शिकवलं गेलं. आव्हान देणारे नव्हते असं नाही. लंडनचे जेफ्री केन्स यांनी १९२० आणि ३०च्या दशकांत गाठ काढून रेडियमने उपचार केले. क्लीव्हलँडचे जॉर्ज क्राइल धाकटे यांनी पन्नाशीच्या दशकात मोठं ऑपरेशन करणं सोडलं. दोघांनीही आपले रुग्ण ठीक आहेत, असं सांगितलं. पण त्यांच्याकडेही अनुभवच होता. एकाच्या अनुभवाला दुसऱ्याच्या अनुभवाने खोडता येत नाही, विशेषतः दुसरा हाल्स्टेड असेल तर.

बर्नार्ड फिशर: एका प्रोफेसराची ४० वर्षं

बर्नार्ड फिशर यांचा जन्म १९१८चा, पिट्सबर्गचा. तिथेच १९४३ साली डॉक्टर झाले, तिथेच प्रोफेसर. सुरुवातीला त्यांना स्तनाच्या कर्करोगात काडीचाही रस नव्हता. यकृत पुन्हा कसं वाढतं, बसवलेला अवयव शरीर का नाकारतं, या विषयांवर ते प्रयोगशाळेत रमलेले. १९५०च्या दशकाच्या शेवटी आय. एस. रॅव्हडिन या ज्येष्ठ सर्जनांनी त्यांना एका बैठकीला बोलावलं. ऑपरेशनसोबत औषधं दिली तर स्तनाच्या कर्करोगात फायदा होतो का, हे अनेक रुग्णालयांनी मिळून तपासायचं होतं. ज्येष्ठांना नाही म्हणता येत नाही म्हणून फिशर गेले. इतक्या मोठ्या आजाराबद्दल ठोस माहिती किती थोडी आहे, हे पाहून मग त्यात अडकले.

त्यांचे भाऊ एडविन पॅथॉलॉजिस्ट होते. दोघांनी मिळून उंदरांवर प्रयोग केले. त्यातला १९५९चा एक मला फार आवडतो. उंदरांच्या यकृतात कर्करोगाच्या अगदी थोड्या पेशी सोडल्या. महिनोन्महिने काही झालं नाही. पेशी मेल्या असं कोणीही म्हटलं असतं. पण त्याच उंदरांची पोटं पुन्हा पुन्हा उघडून यकृत हाताळलं, तेव्हा गाठी उगवल्या. पेशी मेल्या नव्हत्या, झोपल्या होत्या. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की कर्करोगाच्या पेशी लसिकाग्रंथींशी, म्हणजे काखेतल्या त्या गाठींशी, अडून राहत नाहीत. त्या रक्तातून कुठेही जातात.

हे खरं असेल तर हाल्स्टेड यांचा सगळा विचारच कोसळतो. गाठ हाताला लागेपर्यंत पेशी शरीरात इतरत्र पोहोचल्या असतील, तर छाती आणखी खोलवर कापून काय साधणार?

उंदरांवर दिसलं म्हणून बायकांवरची पद्धत बदलता येत नाही. १९६७ साली फिशर त्या संयुक्त चाचणी-गटाचे प्रमुख झाले आणि १९७१ साली त्यांनी पहिली मोठी चाचणी सुरू केली. तिच्यात १,६६५ बायका होत्या. काखेत गाठी लागत नव्हत्या त्यांचे तीन गट केले: हाल्स्टेड पद्धतीचं ऑपरेशन, नुसता स्तन काढून रेडिएशन, किंवा नुसता स्तन काढणं. १९७६ साली दुसरी चाचणी सुरू झाली आणि ती आणखी धाडसी होती. एका गटात पूर्ण स्तन काढायचा, दुसऱ्यात फक्त गाठ, तिसऱ्यात गाठ काढून रेडिएशन.

सर्जन चिडले. बाईचा जीव धोक्यात घालताय, असा आरोप झाला. चाचणीत रुग्ण पाठवायलाच कोणी तयार होईना, आणि दुसऱ्या चाचणीची भरती सुरुवातीला रखडली. त्या काळी अमेरिकेत बाईला गाठ तपासायला भूल दिली जाई, आणि जाग आल्यावरच तिला कळे की स्तन आहे की गेला. रोझ कुशनर नावाच्या पत्रकार-रुग्णाने याविरुद्ध आवाज उठवला. तपासणी आणि ऑपरेशन वेगवेगळे असावेत ही शिफारस १९७९ साली झाली. म्हणजे बदल एकट्या प्रोफेसराने घडवला नाही. बायकांनी बाहेरून रेटा दिला.

दुसऱ्या चाचणीचा ५ वर्षांचा निकाल १९८५ साली आला. दोन्ही चाचण्यांचे दीर्घ निकाल २००२ साली आले, पहिलीचा २५ वर्षांचा आणि दुसरीचा २० वर्षांचा. जगण्यात फरक नाही. मोठं ऑपरेशन झालेल्या बायका जास्त जगल्या नाहीत. फक्त गाठ काढलेल्यांमध्ये त्याच स्तनात कर्करोग परत येण्याचं प्रमाण रेडिएशनशिवाय ३९ टक्के होतं आणि रेडिएशनसह १४ टक्के. म्हणून आज स्तन वाचवला तर सहसा सोबत रेडिएशन सांगतात. मिलानच्या उम्बेर्तो व्हेरोनेसी यांची अशीच चाचणी होती, तिचा २० वर्षांचा निकालही त्याच सुमारास तसाच लागला.

पहिली चाचणी सुरू झाली तेव्हा फिशर ५०च्या पुढे होते. दीर्घ निकाल छापून आले तेव्हा ८४ वर्षांचे. आपल्याकडची ‘७ वर्षांत ४ निबंध’ ही पदोन्नतीची अट या आयुष्याशेजारी ठेवून पाहा. त्या हिशेबाने पहिल्या सात वर्षांत फिशर यांच्या त्या चाचण्यांकडून हाती लागण्याजोगं फार थोडं होतं.

‘माझं ऑपरेशन चिठ्ठी टाकून ठरणार?’

हा आक्षेप अगदी रास्त आहे. आपण डॉक्टरांना विचारतो, तुमच्या घरचं माणूस असतं तर काय केलं असतं? चाचणी घेणारा प्रामाणिक सर्जन त्यावर म्हणेल, मला खरंच माहीत नाही. कोणत्याही रुग्णाला हे ऐकायला आवडत नाही, आणि कोणत्याही सर्जनला म्हणायला तर अजिबात आवडत नाही.

पण चाचणी नैतिक ठरते ती याच ‘माहीत नाही’मुळे. दोन उपचारांपैकी एक चांगला आहे हे ठाऊक असताना दुसरा कोणाला चिठ्ठीने देणं गुन्ह्यासारखंच. जाणकारांमध्येच मतभेद असतील, तरच चिठ्ठीला जागा आहे. मतभेद असताना चाचणी न घेतल्याने रुग्ण चिठ्ठीतून सुटत नाही, हेही लक्षात घ्या. तो या सर्जनकडे गेला की एक ऑपरेशन आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या सर्जनकडे गेला की दुसरं. तीही चिठ्ठीच, फक्त तिची नोंद कोणी ठेवत नाही.

भारतात अशा चाचणीला रुग्णालयाच्या नीतिसमितीची मंजुरी लागते, सरकारी नोंदणीपटावर ती आधी नोंदवावी लागते आणि रुग्णाची लेखी संमती घ्यावी लागते. मध्येच बाहेर पडायचा हक्क रुग्णाला असतो, आणि त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारात खंड पडता कामा नये. कोणी चाचणीत सहभागी व्हायला विचारलं, तर एवढं नक्की विचारा: दोन्ही पर्याय काय आहेत, चाचणीत न आल्यास मला कोणता उपचार मिळेल, आणि पुढे किती वर्षं तपासणीला यावं लागेल. सही घ्यायची घाई करणाऱ्याला सही देऊ नका.

‘औषधाची चाचणी समजते, ऑपरेशनची कशी?’

औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. ऑपरेशन खोटं कसं करणार? करता येतं, आणि झालेलंही आहे. ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोझली या अस्थिशल्यचिकित्सकाने गुडघ्याच्या संधिवाताचे १८० रुग्ण घेतले. काहींचा गुडघा दुर्बिणीतून साफ केला, काहींचा नुसता धुतला आणि काहींच्या कातडीला फक्त छेद देऊन शिवलं. कोणाला काय झालं ते रुग्णांना माहीत नव्हतं, पण खोटं ऑपरेशन होऊ शकतं याची संमती सगळ्यांनी आधीच दिली होती. दोन वर्षांनी तिन्ही गट सारखेच. २००२ साली हे छापून आलं, तेव्हा गुडघा साफ करण्याची हजारो ऑपरेशनं सर्रास होत होती. रुग्णांना बरं वाटत होतं हे खोटं नव्हतं. ते दुर्बिणीमुळे वाटत होतं, एवढंच खोटं होतं.

कर्करोगात असं खोटं ऑपरेशन करता येत नाही, करूही नये. तिथे तुलना दोन खऱ्या उपचारांचीच. आणखी एक अडचण म्हणजे सर्जनांचे हात सारखे नसतात. नवं ऑपरेशन शिकणारा पहिल्या २० रुग्णांत चाचपडतो, पुढे सफाई येते. चाचणी फार लवकर घेतली तर नवशिक्याच्या हाताची परीक्षा होते. उशिरा घेतली तर ऑपरेशन इतकं रुजलेलं असतं की चिठ्ठीला कोणी तयार होत नाही. ही वेळ साधणं हे प्रोफेसराचं खरं कसब, आणि ते कुठल्याही पात्रता-नियमात मोजता येत नाही.

‘हे सगळं अमेरिकेत. इथे कोण करतंय?’

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये होतंय. डॉ. राजेंद्र बडवे हे स्तनाच्या कर्करोगाचे सर्जन. त्यांच्या नेतृत्वाखालच्या तीन चाचण्या पाहण्याजोग्या आहेत, कारण तिघींचे निकाल तीन तऱ्हेचे लागले.

पहिलीत ऑपरेशनच्या आधी ५ ते १४ दिवस प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं एकच इंजेक्शन द्यायचं होतं. १,००० बायकांमधला एकूण फरक ठामपणे सांगण्याजोगा नव्हता. काखेत आजार पोहोचलेल्या बायकांच्या गटात फायदा दिसला. एका उपगटातला फायदा म्हणजे पुढच्या संशोधनासाठीचा धागा, त्यावर लगेच सगळ्यांना इंजेक्शन सुरू करता येत नाही. २०११ साली तो निकाल तसाच, हातचं काही न राखता छापला गेला.

दुसरी चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्या बाईचा कर्करोग निदानाच्या वेळीच शरीरात इतरत्र पसरलेला आहे, तिच्या स्तनातली मूळ गाठ काढावी का? जुन्या नोंदींमध्ये गाठ काढलेल्या बायका जास्त जगलेल्या दिसत होत्या. सर्जनला असे कागद आवडणारच. टाटामध्ये ३५० बायकांवर चाचणी झाली आणि निकाल २०१५ साली आला: गाठ काढलेल्या गटातलं जगणं साधारण १९ महिने, न काढलेल्या गटातलं २० महिने. फायदा नाही. जुन्या नोंदींमध्ये दिसलेला फरक बहुतांशी त्या विहिरीजवळच्या काळ्या जमिनीचा होता. सर्जनांनी ऑपरेशनसाठी मुळात बऱ्या प्रकृतीच्या बायका निवडल्या होत्या. आपलंच ऑपरेशन गरजेचं नाही, हे एका सर्जनने सिद्ध केलं. किती बायका एका निरुपयोगी जखमेतून वाचल्या असतील याचा विचार करा.

तिसरी चाचणी फिशर बंधूंच्या उंदरांपासून फार लांब नाही. ऑपरेशनच्या वेळी गाठ हाताळल्याने पेशी चेतत असतील, तर त्या क्षणी काही करता येईल का? गाठ काढायच्या ७ ते १० मिनिटं आधी तिच्याभोवती लिग्नोकेन टोचायचं, दाताच्या डॉक्टरकडे मिळतं तेच बधिरीकरणाचं स्वस्त औषध. देशातल्या ११ केंद्रांत जवळपास १,६०० बायका सहभागी झाल्या, भरतीलाच १० वर्षं लागली. २०२३ साली छापलेल्या निकालात ५ वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण औषध दिलेल्या गटात ९०.१ टक्के आणि न दिलेल्या गटात ८६.४ टक्के होतं. एका चाचणीवर जगाची पद्धत बदलत नाही आणि बदलूही नये. दुसऱ्यांनी ती पुन्हा करून पाहायला हवी. पण इतक्या स्वस्त औषधासाठी कोणतीही कंपनी चाचणीवर पैसे घालत नाही. अशा प्रश्नांना सार्वजनिक रुग्णालयातल्या प्रोफेसराशिवाय वाली नसतो.

‘आकडेच खोटे असले तर?’

असू शकतात. फिशर यांच्याच चाचणीत ते झालं. मॉन्ट्रियलचे सर्जन रॉजर प्वासाँ यांनी आपल्या सुमारे १०० रुग्णांच्या नोंदींत फेरफार केले होते. त्यांपैकी बरेचसे फेरफार रुग्ण निकषांत बसावा म्हणून केलेले होते. फिशर यांच्या कार्यालयाने ते पकडलं आणि सरकारला कळवलंही, पण वैद्यकीय नियतकालिकांत त्याची जाहीर दुरुस्ती लवकर झाली नाही. १९९४ साली ‘शिकागो ट्रिब्यून’ने ते छापलं आणि गदारोळ उठला. स्तन वाचवलेल्या हजारो बायकांच्या पोटात गोळा आला. फिशर यांना प्रमुखपद सोडावं लागलं.

प्वासाँ यांचे सगळे रुग्ण वगळून पुन्हा हिशेब केला, तेव्हाही निकाल तोच आला. १९९७ साली विद्यापीठाने फिशर यांची जाहीर माफी मागितली आणि भरपाई दिली. तरी माझ्या मते फिशर इथे पूर्ण निर्दोष नाहीत. चूक सापडल्यावर ती छापायला लागलेला उशीर हा दोषच, आणि मोठ्या माणसाचा असला म्हणून तो लहान होत नाही. निकाल तगला याचं कारण तो अनेक रुग्णालयांतून आला होता आणि मिलाननेही तेच दाखवलं होतं.

‘मग चांगला संशोधक तोच चांगला सर्जन?’

नाही. भरपूर निबंध नावावर असलेला माणूस टेबलावर गडबडू शकतो, आणि एकही निबंध न लिहिलेला तालुक्याच्या गावातला सर्जन तुमचा जीव वाचवू शकतो. आपल्या ऑपरेशनसाठी सर्जन निवडताना त्याने हे ऑपरेशन किती वेळा केलंय आणि त्याच्या रुग्णांचं पुढे काय झालं, हे विचारणं जास्त उपयोगाचं. मात्र त्या तालुक्याच्या सर्जनला कोणतं ऑपरेशन करायला शिकवलं गेलं, हे कोणीतरी केव्हातरी चाचणी घेऊन ठरवलेलं असतं. १९६५ साली तोच कुशल हात हाल्स्टेड यांचं ऑपरेशन करत असता, आणि फार सुबक करत असता.

म्हणून २०२५च्या नियमांवरच्या वादात माझं मत असं आहे. जिल्हा रुग्णालयातले अनुभवी सर्जन महाविद्यालयात यायलाच हवेत. हात कसा चालवावा हे शिकवायला त्यांच्याइतके योग्य फार थोडे असतील. अडचण त्यांच्या येण्याची नाही. आधीपासून जे आत आहेत त्यांच्याकडून आपण काय मागतो, ही अडचण आहे. पदोन्नतीला २ अधिक २ निबंध लागतात म्हणून पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं फोफावली. युनिटमधल्या ज्या निबंधात सहायक प्राध्यापकाने काही केलेलं नाही, त्यावरही त्याचं नाव जातं. ११ केंद्रांनी १० वर्षं चालवलेल्या चाचणीत आपले १५० रुग्ण नेटाने नोंदवणारा, त्यांना दर सहा महिन्यांनी फोन करून बोलावणारा सर्जन मात्र लेखकांच्या यादीत सतराव्या नंबरावर असतो आणि पदोन्नतीच्या हिशेबात बसतच नाही. त्याच्या त्या नोंदी आणि फोन मोजायची सोय आयोगाने नियमांत केली, तर जिल्हा रुग्णालयातून आलेला सर्जनही पहिल्या दिवसापासून संशोधनात भागीदार होऊ शकतो. रुग्ण तर त्याच्याकडेच सगळ्यात जास्त येतात.